पहिला तास बस आल्यावर

कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरमधली, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीतली, पहिली नोंद घंटेची आहे. 'रेल्वे रुळाचा तुकडा, नग १, हातोडी, नग १'. किमतीच्या रकान्यात आडवी रेघ, आणि 'कोणाकडून मिळाले' या रकान्यात एका गावाचं नाव. माणसाचं नाही, गावाचं. शाई निळीची तपकिरी झालीय, पान उचललं की कडेचा भुगा पडतो म्हणून मी रजिस्टर टेबलावर तसंच ठेवून, वाकून, बोट न लावता वाचत होते आणि वाचता वाचता दुपारचे दोन कधी वाजले ते कळलं नाही.

झालं असं की मागच्या महिन्यात कॉलेजमधून फोन आला. नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, टीम येणार आहे, कॉलेजचा इतिहास दोन पानात पाहिजे, तुम्ही माजी विद्यार्थिनी आहात आणि लिहिता-बिहिता तर करून द्याल का. मी लगेच हो म्हटलं. शनिवारी गेले तर कॉलेजच्या मॅडमनी ऑफिसच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडून दिलं आणि म्हणाल्या, जे आहे ते यातच आहे.

मी तलाठी आहे. दिवसभर माझं काम म्हणजे सातबारा, फेरफार, आठ अ. कुणाची जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, कोणत्या साली, विकत का वारसानं का बक्षीसपत्रानं, हे सगळं चार ओळींच्या नोंदीत असतं आणि सवय झाली की त्या चार ओळींतून अख्खं घर दिसायला लागतं, भावाभावांत पटत होतं का नव्हतं हेही दिसतं. त्यामुळे बाकी कुणाला ते कपाट म्हणजे जुन्या रजिस्टरांचा ढीग वाटला असता, मला मात्र एखाद्या गावाचं दप्तर हाती लागल्यासारखं वाटलं.

कॉलेजची जमीन दोन भावांनी दिलेली. साडेचार एकर, काळी, कापसाची. बक्षीसपत्राची नक्कल कपाटात आहे. आमच्याकडे काळी जमीन कुणी सहज देत नाही, बरड देतात, नाल्याकाठची देतात, ही तर रस्त्याला लागून होती. मला त्या दोन भावांबद्दल यापेक्षा जास्त काही सापडलं नाही, कॉलेजवर त्यांच्या नावाची पाटी पण नाही, संस्थेला नाव गावाचं आहे. पण काळ्या जमिनीची एक अडचण असते. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर सरळ भिंत उभी केली की दोन वर्षांत तडे जातात. म्हणून पायव्यात मुरूम भरावा लागतो, खूप भरावा लागतो. आणि तो मुरूम कुठून आला ते दुसऱ्या एका वहीत आहे, साधी शाळेची वही, पुठ्ठ्यावर कुणीतरी 'बंड्यांचा हिशोब' असं लिहिलंय. गावाचं नाव, तारीख, बंड्या म्हणजे बैलगाड्या किती. बस. पानामागून पानं. एका पानावर माझं गाव निघालं. एकूण सतरा बंड्या, दोन दिवसांत.

घरी येऊन आजीला विचारलं. आजीला आता ऐकू कमी येते पण हे तिला पहिल्या वेळी ऐकू आलं. म्हणाली, "हाव, तुह्या आबाजीनं दोन दिस बंडी लावली होती मुरमाले. बैलं पार थकून गेली होती. आमाले काय मालूम कालेज म्हंजे काय असते ते, पोट्टे शिकतीन म्हनत होते सारे." मी म्हटलं, आणि पोट्ट्या? आजी म्हणाली, "पोट्ट्याईचं तवा कोनी बोलत नोतं बाई."

हे कॉलेज म्हणजे कुठलं मोठं नाव नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा नदीच्या अलीकडे, तालुक्याच्या ठिकाणी एक आर्ट्स कॉलेज. खाजगी, अनुदानित. म्हणजे प्राध्यापकांचे पगार सरकार देतं आणि इमारत, बाक, पाणी, पंखे हे संस्थेनं पाहायचं. बीएला मराठी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, गृहअर्थशास्त्र. अशी कॉलेजं विदर्भात तालुक्यातालुक्याला आहेत, एकासारखं एक दिसतं, समोर ध्वजस्तंभ, बाजूला सायकल स्टँड, मागं कडुनिंब. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. आणि हल्ली तर 'आर्ट्सला काय ठेवलंय' हे इतक्या वेळा ऐकायला मिळतं की पोरं फॉर्म भरतानाच मान खाली घालतात.

म्हणून थोडं मागं जावं वाटतं. आमच्या आजोबांच्या वडलांच्या काळात वऱ्हाडातल्या पोराला कॉलेज शिकायचं तर नागपूर गाठावं लागायचं. नागपुरात हिस्लॉप १८८३ साली सुरू झालं, स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलेलं, मॉरिस कॉलेज १८८५ साली. पण नागपूरला स्वतःचं विद्यापीठच नव्हतं, ही कॉलेजं आधी कलकत्त्याला आणि मग अलाहाबादला जोडलेली. विचार करा, नागपुरात बसून पेपर लिहायचा आणि डिग्री कलकत्त्याची! नागपूर विद्यापीठ झालं ४ ऑगस्ट १९२३ ला. त्याच साली अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं, नंतरचं विदर्भ महाविद्यालय. म्हणजे त्यानंतर निदान अमरावतीपर्यंत जाऊन भागत होतं, पण यवतमाळच्या या टोकावरून अमरावती काय आणि नागपूर काय, राहायची-खायची सोय असेल त्यानंच शिकावं असा मामला.

मग पंजाबराव देशमुख. पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा ऑक्सफर्डला जातो, वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट घेतो, बॅरिस्टर होतो आणि परत येऊन अमरावतीला बहुजनांच्या पोरांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढतो. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था. पुढे दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री राहिले पण आमच्याकडे आजही लोक त्यांना भाऊसाहेबच म्हणतात आणि २७ डिसेंबरला त्यांची जयंती असते तेव्हा त्यांच्या संस्थेतली पोरं सणासारखी नटून येतात. आमचं कॉलेज त्यांच्या संस्थेचं नाही. पण त्यांनी एक गोष्ट करून दाखवली ती सगळ्यांनी पाहिली, की शेतकऱ्यांनी मनावर घेतलं तर कॉलेज गावात आणता येतं. आमच्या संस्थेच्या जुन्या ठरावांच्या वहीत दर दोन पानांआड त्यांचं नाव येतं.

आमचं कॉलेज निघायच्या आधी, १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं तेव्हा विदर्भातली किती पोरं तिकडं शिकायला गेली. घरापासून इतक्या लांब. पोरांची भूक किती होती ते यावरून कळतं. नंतर १९५९ साली ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरच्या मुलांसाठीची, फी सवलत आली, अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासूनची होतीच, जिला आम्ही सगळे नुसतं जीओआय म्हणायचो. १९६० ला महाराष्ट्र झाला आणि साठ-सत्तरच्या दशकात तालुक्यांना कॉलेजं उगवायला लागली. आमचं त्यातलंच.

सुरुवातीच्या डिग्र्या नागपूर विद्यापीठाच्या आहेत. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं तेव्हापासून अमरावतीच्या. नदीपल्याडचा वरोरा चंद्रपूर जिल्ह्यात, तो २०११ नंतर गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात गेला. आता नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं नाव आहे आणि अमरावतीला गाडगेबाबांचं. मला हे फार मोलाचं वाटतं. दोघंही कधी कॉलेजची पायरी चढले नाहीत. गाडगेबाबा कीर्तनात सांगत फिरायचे की जेवायचं ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा पण लेकरांना शिकवा, आणि आज ज्यांच्या घरात खरंच हातावर भाकर खाल्ली गेली त्यांच्या पोरांच्या डिग्रीवर वर मोठ्या अक्षरात त्यांचंच नाव असतं. माझ्या डिग्रीवर आहे. मी ती लॅमिनेट न करता फाईलमध्ये ठेवलीय.

वरोऱ्यावरून आठवलं. बीए भाग एकला, म्हणजे पहिल्या वर्षाला असताना आमची सहल आनंदवनला गेली होती. बाबा आमटेंनी १९४९ साली तिथं कुष्ठरोग्यांसोबत काम सुरू केलं तेव्हा आसपासचे लोक त्यांच्या हातची भाजी घ्यायला तयार नसायचे. आणि १९६४ साली त्याच माणसांनी त्याच हातांनी आनंद निकेतन महाविद्यालय उभं केलं, गावातल्या पोरांसाठी. मी ती इमारत पाहिली तेव्हा आमच्यासोबत आलेल्या इतिहासाच्या सरांनी काही भाषण दिलं नाही, एवढंच म्हणाले की भिंतीला हात लावून पाहा. आम्ही लावला. चाळीस पोरं-पोरी रांगेनं भिंतीला हात लावून उभी. मला ती भिंत अजून तळहाताला आठवते, उन्हानं तापलेली होती.

आता आमच्या कॉलेजची पद्धत सांगते.

आमच्याकडे टाइमटेबलवर पहिला तास नऊचा. पण घंटा नऊला कधीच वाजत नाही. घंटा बस आल्यावर वाजते. उत्तरेकडच्या सात-आठ गावांतून येणारी एकच सकाळची गाडी, ती रस्ता, पाऊस, फाट्यावरची गर्दी बघून नऊ पाचला यायची नाहीतर नऊ पंचवीसला. शिपाई काका हातोडी घेऊन ओट्यावर उभे राहायचे आणि वळणावरच्या निंबाकडे पाहायचे. गाडी वळली की धूळ दिसायची. तरी लगेच ठोकायचे नाहीत, पोरी उतरल्या, रस्ता ओलांडला, गेटच्या आत आल्या की मग. ठण्ण ठण्ण ठण्ण. गावातली पोरं तोवर कडुनिंबाखाली. प्राध्यापक स्टाफरूममध्ये. कुणी कुरकुर केल्याचं मी तीन वर्षांत ऐकलं नाही. हा नियम कुणी केला ते कोणत्याच ठरावात लिहिलेलं नाही, मी पूर्ण वही पाहिली. कुणीतरी पहिल्या वर्षी थांबलं असेल आणि मग सगळे थांबत गेले.

त्या गाडीत मी होते. चौदा किलोमीटर. विद्यार्थ्यांचा पास म्हणजे दहा दिवसांचं भाडं भरायचं आणि महिनाभर जायचं-यायचं, ही सवलत नसती तर मी शिकलेच नसते. तरी ते दहा दिवसांचं भाडं पण कधी कधी जुळायचं नाही, मग माय कापसाचे वेचे करून आणायची. नोव्हेंबरात तर आम्ही सगळ्याच जणी वावरात. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झालं की वेचणी सुरू आणि वेचणी सुरू म्हणजे हजेरीपटावर आमच्या नावापुढे ओळीनं गैरहजर. त्या दिवसांत मराठीच्या मॅडम नवीन धडा घ्यायच्या नाहीत. जे शिकवलं तेच पुन्हा घ्यायच्या, कविता वाचून घ्यायच्या, निबंध लिहायला लावायच्या. आम्ही डिसेंबरात परत आलो की तिथूनच पुढे. आम्हाला तेव्हा वाटायचं आपलं नशीब, काही बुडलं नाही. आता कळतं की त्यांनी धडे मागं ठेवले होते आमच्यासाठी.

फीचंही तसंच. ऑफिसात मोठे बाबूजी होते, चष्मा कपाळावर, समोर कार्बन पेपर. त्यांच्याकडे एक छोटी डायरी असायची, त्यात कुणाची फी 'कापूस विकल्यावर', कुणाची 'तुरीवर'. तूर उशिरा निघते म्हणजे ते मार्चपर्यंत थांबणार.

जानेवारीत एनएसएसचं शिबिर. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीला सुरू झाली आणि तिचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात असतं हे सगळीकडेच आहे, पण आमच्याकडे त्याला यात्रेची कळा असते. पहाटे प्रभातफेरी, मग हातात खराटा घेऊन गाव झाडायचं, दुपारी बंधाऱ्याची माती, संध्याकाळी खंजेरीवर भजन आणि सामुदायिक प्रार्थना. गावातल्या बाया सुरुवातीला लांबून बघायच्या, तिसऱ्या दिवशी पोरींना घरात न्यायच्या, केसाला तेल लावून द्यायच्या. माझ्या आयुष्यात घराबाहेर रात्र काढायची परवानगी पहिल्यांदा मिळाली ती या शिबिराला. बाबांनी मुख्य रस्त्यापर्यंत सोडलं आणि मॅडमना म्हणाले, "पोरगी तुमच्या जबाबदारीवर हाय." मॅडमनी माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

मग गॅदरिंग. आनंदमेळ्यात आमचा सांबारवडीचा स्टॉल, शेलापागोटे, वाङ्मय मंडळाचं भित्तिपत्रक, रात्री नाटक आणि नाटकाला अख्खं गाव. याबद्दल सगळेच भरभरून लिहितात, मी थांबते.

एक मात्र सांगायचंच आहे. निरोप समारंभाच्या दिवशी भाग तीनचा प्रत्येक विद्यार्थी त्या रुळाला एक ठोका मारतो. रोल नंबरप्रमाणे. बाकी सगळे गप्प. बाजारातले लोक, समोरच्या जिनिंगमधले हमाल, चहावाले, सगळे ठोके मोजतात, यंदा किती निघाले म्हणून. आमच्या वर्षी पन्नासच्या वर होते. हातोडी जड असते, नीट बसली नाही तर आवाज फुटतो, नीट बसली तर तो खूप वेळ हवेत राहतो. माझा नंबर आला तेव्हा शिपाई काका हळूच म्हणाले, "मधात मार बाई, कोपऱ्याले नको." मधोमध मारला. तो आवाज संपेपर्यंत मी हातोडी खाली ठेवलीच नाही.

तर त्या कपाटात टीसीची बुकंही आहेत. मूळ टीसी फाडून देतात, स्थळप्रत बुकात राहते. मी भाग दोनला होते त्या वर्षाचं बुक सहज चाळायला घेतलं, मैत्रिणींची नावं दिसतील म्हणून. एका पानावर मूळ प्रत आणि स्थळप्रत दोन्ही तशाच होत्या, फाडलेल्या नव्हत्या. दोन्हींवर माझं नाव. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. सोडण्याचं कारण, 'पालकांच्या विनंतीवरून'. आणि त्यावर तिरप्या दोन रेघा, मध्ये 'रद्द', खाली मोठ्या बाबूजींची सही.

मी कधी टीसी मागितलीच नव्हती.

त्या संध्याकाळी बाबांना विचारलं. बाबा अंगणात बाजेवर बसले होते, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तवा सोयरिक आली होती पांढरकवड्याकडून. ते म्हने टीसी काढून ठेवा, आमी तिकडं शिकवू. मी गेलो कालेजात. बाबूजी म्हने लिहून ठेवतो पन प्राचार्य साहेब मिटिंगले गेले, सही नाई होत, शनवारी या. शनवारी गेलो त म्हने या खेपेले साहेब अमरावतीले हायेत. तिसऱ्या खेपेले म्हने पोरीनं परीक्षेचा फार्म भरला, आता काढली त फार्मचे पैसे बुडतीन, परीक्षा होऊ द्या मंग नेजा." मी विचारलं, मग? "मंग काय. पैसे बुडतीन म्हनून थांबलो. परीक्षा झाली. तुहा रिझल्ट आला. तवरोक त्याईनं दुसरीकडं जुळवलं."

पांढरकवड्याची सोयरिक आली होती हे मला माहीत होतं. बाबा तीन वेळा टीसी आणायला गेले होते हे माहीत नव्हतं. मला बाबांचा राग आला नाही, ते पण त्यांच्या परीनं माझं भलंच बघत होते आणि त्या घरानं खरंच शिकवलंही असतं कदाचित. पण मी बीए झाले ते इथं. आणि तलाठ्याच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते, कोणतीही, पण पदवी लागतेच. इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन केलेला बीए त्या फॉर्मवर पुरला. मोठे बाबूजी निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, आता ते नाहीत. मी तीन वर्षं त्यांच्या खिडकीपुढे फी भरायला उभी राहिले, ते पावती द्यायचे आणि 'नीट शिकजो' म्हणायचे, यापलीकडे कधी एक शब्द बोलले नाहीत.

लिबरल आर्ट्स हा शब्द आता पुण्या-मुंबईत फार चालतो. तिथं साहित्य, इतिहास, राज्यशास्त्र, संगीत असं मिळून शिकवणारी नवी कॉलेजं निघालीत आणि वर्षाची फी लाखांत आहे. आमच्या इंग्रजीच्या सरांनी मागेच वर्गात सांगितलं होतं की हा लॅटिनवरून आलेला शब्द आहे, लिबर म्हणजे मोकळा, स्वतंत्र. मोकळ्या माणसाला जे यायला पाहिजे ते शिक्षण. आणि त्यांनी अमेरिकेतल्या बेरिया कॉलेजबद्दल सांगितलं होतं, केंटकी राज्यातल्या डोंगराळ भागातलं, १८५५ साली सुरू झालेलं छोटं खाजगी कॉलेज, गरीब घरच्या पोरांसाठी. तिथं १८९२ पासून शिकवणी फी घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला निदान दहा तास काम करावं लागतं, कुणी लायब्ररीत, कुणी शेतावर, कुणी विणकामात. आणि तिथली पोरं झाडू बनवतात, अजूनही, हातानं, ते झाडू त्या कॉलेजची ओळख आहेत. हे ऐकलं तेव्हा आम्ही नुकतेच शिबिरातून आलो होतो, हाताला खराट्याचे फोड होते. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, त्याईच्याकडे पन गाडगेबाबा होते का?" सर हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "असतीलच. नाव वेगळं असेल."

आता काय चाललंय तेही लिहायला पाहिजे. प्रवेश कमी होताहेत. बारावीनंतर पोरं नर्सिंग, फार्मसी, आयटीआय, पोलीस भरतीची अकॅडमी इकडे जातात, त्यात चूक काही नाही, घराला पैसे लवकर लागतात. निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरचे सर-मॅडम दोन-दोन कॉलेजांत पळतात, एका मॅडमचा डबा मी साडेतीनला उघडताना पाहिला. नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आलं, मेजर-मायनर, ओपन इलेक्टिव्ह, सगळं नवं, तेच आठ-नऊ जण ते ओढताहेत. उत्तरेकडची सकाळची गाडी पण आता नाही, ज्याच्या त्याच्याकडे टू-व्हीलर झाली आणि गाडीला प्रवासीच उरले नाहीत. यंदा निरोप समारंभाला ठोके पडले एकोणीस. त्यात पोरी पंधरा.

पंधरा पोरी. ज्यांच्या घरात टू-व्हीलर भावाकडे असते. ज्यांना यवतमाळला ठेवायला घरचे तयार नाहीत आणि ठेवायची ऐपतही नाही. अशा छोट्या कॉलेजांचं विलीनीकरण करावं, जवळच्या मोठ्या कॉलेजात पोरं पाठवावी असं जे लोक सुचवतात त्यांना मला सांगायचंय की चौदा किलोमीटरवर कॉलेज असलं तर पोरगी बीए होते आणि चाळीसवर गेलं तर पोरगी घरी राहते. मी रोज उत्पन्नाचे दाखले, रहिवासी दाखले यासाठी रिपोर्ट देते, माझ्यासमोर या पोरी आणि त्यांचे बाप उभे असतात. मी हे कुठं वाचून सांगत नाही.

दोन पानं लिहून झाली आणि मी ती घेऊन गेले. कपाट उघडून देणाऱ्या मॅडमना आवडली. मग म्हणाल्या, नॅकच्या रिपोर्टमध्ये बेस्ट प्रॅक्टिस म्हणून दोन गोष्टी द्याव्या लागतात, एक वृक्षारोपण आहे, दुसरी तुम्हीच सुचवा. मी म्हटलं, बस येईपर्यंत घंटा न वाजवणं. मॅडम क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, त्या बाहेरगावच्या, सहा वर्षांपासून आहेत इथं, रोज पाहतात पण ही काही लिहायची गोष्ट आहे असं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणाल्या, छान आहे हो, पण फोटो लागेल, जिओटॅगवाला. आणि बस तर आता येत नाही.

सोमवारी रजा टाकली आणि पावणेनऊला गेले. ओट्यावर नवा शिपाई, पंचविशीतला, तो पण इथलाच बीए. हातोडी हातात. नऊ वाजले. नऊ दहा झाले. कडुनिंबाखाली चार पोरं, स्टाफरूमच्या दारात दोन सर. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी त्याला विचारलं, कुणासाठी थांबलास रे? तो वळणाकडे बघतच म्हणाला, "मॅडम, काळीपिवळी येते नं. त्यात सहा पोरी असतात आपल्या."

धूळ आधी दिसली. मग जीप, टपावर दुधाच्या कॅन, मागच्या फळीवर दोघी लटकलेल्या. उतरल्या, ओढण्या झटकल्या, ड्रायव्हरला पैसे दिले, एकीची चप्पल तुटली होती ती हातात घेऊन धावत गेटच्या आत आली. त्यानं तिला आत येऊ दिलं आणि मग हातोडी उचलली.

फोटो चांगला आलाय. रूळ मधोमध, हातोडी हवेत, मागे तुटकी चप्पल हातात घेतलेली ती पोरगी. खाली पट्टीवर तारीख आणि वेळ आहे, सकाळचे ९ वाजून २२ मिनिटं.